चेटकिणीच्या मांजराचे डोळे

मी डोळे काढतो. पेणच्या गणपती कारखान्यांत या कामाला आखणी म्हणतात. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, घासली जाते, अंगाला रंग लागतो, पितांबर होतं, दागिने होतात, मुकुट होतो आणि सगळ्यांत शेवटी ती माझ्यापुढे पाटावर येऊन बसते. तोवर तिच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या जागा असतात. मी झिरो नंबरचा ब्रश घेतो, श्वास आत धरतो आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. खालची रेघ, बाहुली, शेवटी बाहुलीतला पांढरा ठिपका. त्यानंतर मूर्ती बघू लागते. पन्नाशी आली, पण ही रेघ माझ्या हातून कधी थरथरली नाही. मूर्ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी डोळ्यांत बघतं आणि त्याचे हात आपोआप जोडले जातात. मी खोटी नम्रता दाखवत नाही. हे काम मला उत्तम येतं.

हे आधी सांगावं लागतं, कारण मी जे केलं ते याच हाताने आणि याच सवयीने केलं.

आमच्या कारखान्यात कोरे डोळे असलेलं काही कुणी माझ्यापुढे आणून ठेवलं, तर त्याचा अर्थ एकच असतो: आखणी करा. त्यावर कुणी काही विचारत नाही, मीही विचारत नाही. आणि एकदा उघडलेला डोळा आम्ही पुसत नाही. चूक झाली तर ती मूर्ती बाजूला काढून पाण्यात सोडतो, पण डोळ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवत नाही. वडिलांनी मला हे शिकवलं. फक्त मला शिकवलं.

माझी बहीण माझ्याहून लहान. तीही त्याच कारखान्यात, शाडूच्या ढिगाशेजारी वाढली. हात तिचाही चांगला होता. पण मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार, तिला आखणी शिकवून काय करायचं, असं वडिलांचं म्हणणं. तिच्या वाट्याला उंदीर आले. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरांचे डोळे पोरंटोरं काढायची, तसे तिनेही काढले. फरक एवढाच की तिचा एकही उंदीर दुसऱ्यासारखा नसे. एक घाबरलेला, एक चोरटा, एकाचं सगळं लक्ष मोदकावर. गिऱ्हाइकांपैकी कुणी उंदराच्या तोंडाकडे वाकून बघितल्याचं मला आठवत नाही. मी बघत असे आणि हसत असे. बोललो कधी नाही.

आणखी एक गोष्ट तिची होती, माझी नव्हती. भीती. कारखान्यात संध्याकाळी बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग उभी असायची. मला त्यांचं कधी काही वाटलं नाही. ती मात्र मागच्या खोलीतून रंगाचा डबा आणायला गेली की पळतच परत यायची. "दादा, ते डोळ्याशिवाय बघतात," म्हणायची. मी म्हणायचो, "डोळ्याशिवाय कुणी बघतं काय, बाय?" ती म्हणायची, "तेच बघतात जास्त."

तिला रोह्याला दिली. तिकडे ती बालवाडीत शिकवते. गेल्या दिवाळीत ती भाऊबीजेला आली ती हाताखाली एक मोठी पुठ्ठ्याची फाइल घेऊन. जेवणं झाल्यावर तिने ती माझ्यापुढे उघडली. लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक होतं. गोष्ट तिची, चित्रं तिची. एका चेटकिणीच्या मांजराची गोष्ट.

ही चेटकीण धरमतरच्या खाडीकडे, तिवरांच्या झाडीत राहते. गावातल्या लोकांना तिची भीती वाटते आणि तिच्या काळ्या मांजराची त्याहून जास्त. कारण अंधार पडला की ते मांजर गावात शिरतं आणि घराघरांत त्याचे नुसते डोळे दिसतात. कॉटखाली दोन डोळे. तांदळाच्या पिंपात दोन डोळे. कौलांवर, माठामागे, कंपनीतून दुसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाच्या स्कूटरच्या डिकीत. माणसं ओरडतात, "कोण रे तिकडे?" आणि अंधारातून उत्तर येतं, "मी कोणी नाही, मी नुसते डोळे." विहिरीच्या पानावर तर मांजर स्वतःच पाण्यात वाकून बघतं आणि खालून कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून त्याचीच पाचावर धारण बसते. शेवटच्या पानावर कळतं की ते कुणाला खायला आलेलंच नाही. चेटकिणीच्या बॅटरीचे सेल संपलेत, ते नवे सेल शोधतंय. चेटकिणीला अंधाराची भीती वाटते. बॅटरीशिवाय ती परसात जाऊ शकत नाही, आणि बिचारी संध्याकाळपासून धरून बसली आहे.

मी एवढा हसलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं हो?" मी तिला शेवटचं पान दाखवलं. पाय एकावर एक आवळून दारात उभी असलेली चेटकीण बघून तीही पदर तोंडाला लावून हसली.

बहीण म्हणाली, "दादा, मला रात्र जमत नाय. काळा रंग लावला की नुसता काळा दिसतो. तू रात्र रंगवून दे. निळी, जांभळी, तिवरातली, तुला बरोब्बर येईल. फक्त रंग भर. बाकी मी बघते."

फक्त रंग भर, बाकी मी बघते. हे तिने मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलं आणि मी ते दोन्ही कानांनी ऐकलं. मला पुढे "मला वाटलं" असं म्हणायची सोय नको, म्हणून हे इथेच लिहून ठेवतो.

गणपती होऊन गेलेले असतात आणि पुढच्या वर्षीच्या आखणीला अजून वेळ असतो, अशा दिवसांत माझे हात रिकामे असतात. मी मन लावून रात्र रंगवली. पोस्टर कलरने एवढं मोठं काम मी पहिल्यांदाच केलं. पाण्यावरची रात्र वेगळी, कौलावरची वेगळी, पिंपातला अंधार तांदळामुळे थोडा उजळ. काम चांगलं झालं, हे तिनेही नंतर मान्य केलं. पण पानं सुकत दोरीवर लावली तेव्हा सगळ्या पानांवर अंधारात दोन-दोन कोऱ्या पांढऱ्या जागा राहिल्या होत्या. डोळे तिने मोकळे सोडले होते.

मी झिरो नंबरचा ब्रश घेतला.

बायको शेजारी वाटाणे सोलत होती. तिने वर बघून विचारलं, "तुम्ही डोळे काढताय?"

"कोरे हायेत."

"कोरे हायेत, पण तिने मुद्दाम ठेवले नसतील कशावरून? फोन करून विचारा तरी."

"डोळ्यांचं मला विचारायला लावतेस?" मी म्हटलं.

ती वाटाणे सोलत राहिली. मी फोन केला नाही. फोन केला असता तर ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होतं. सवयीने ब्रश उचलला हे खरं. पण बायकोने विचारल्यानंतरही तो खाली ठेवला नाही, तिथे सवय संपली होती. पुढे जे केलं ते मला करायचं होतं म्हणून केलं. तिचं सगळं काम तिच्या हातचं, आणि डोळे मात्र माझे, असं मला हवं होतं.

एका दुपारी सगळी पानं झाली. हात सरसर चालला. संध्याकाळी मी ती ओळीने लावून बघितली आणि मला फार समाधान वाटलं. काय सुंदर डोळे होते! प्रत्येक पापणी एका दमातली.

रोह्याहून बहिणीचा निरोप आला. पुण्याच्या एका प्रकाशक बाईंना तिने गोष्ट पाठवली होती. त्या अलिबागला निघाल्या होत्या आणि वाटेत पेणला थांबून मूळ चित्रं बघणार होत्या. बहिणीला शाळा होती. "दादा, त्या येतील. पानं दाखव आणि चहा पाज. जास्त बोलू नको," असं तिने हसत सांगितलं.

बाई आल्या. कारखान्यात खुर्चीवर बसल्या, एकेक पान हातात घेऊन लांब धरून बघू लागल्या. विहिरीच्या पानावर बराच वेळ थांबल्या.

"डोळे फार विलक्षण आहेत हो. तुम्ही काढलेत?"

"हो."

"मी आत्ता मागे तुमच्या मूर्ती बघितल्या. तोच हात आहे. म्हणजे चित्रं तुमची आणि गोष्ट तुमच्या बहिणीची."

यावर मला एकच वाक्य बोलायचं होतं. चित्रं तिची आहेत, मी रंग भरले. एवढंच. मी म्हटलं, "चहा घ्या, गार होतोय."

त्या जाताना म्हणाल्या, "पेणच्या गणपतीचे डोळे असलेलं मांजर! लोक हे उचलून धरतील. मला पुस्तक करायला आवडेल. मुखपृष्ठावर दोघांची नावं घालू." मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडी वळेपर्यंत हातही हलवला.

दोन दिवसांनी पानं घेऊन मी एसटीने रोह्याला गेलो. बहिणीची शाळा सुटायला अवकाश होता, म्हणून थेट शाळेतच गेलो. ती दारात आली, फाइल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "मुलांना आत्ताच दाखवू. त्यांना घाबरता आलं पाहिजे, नायतर काय उपयोग?" तिने फाइल उघडून बघितली नाही. तशीच मुलांच्या पुढ्यात जाऊन बसली. मी मागे भिंतीला टेकून छोट्या सतरंजीवर बसलो. ती आधी बघेल आणि जे काय ते आमच्या दोघांत होईल, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही.

मुलं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचा आवाज फार छान लागतो. तिने तो खाली आणला. "गावात अंधार पडला. सगळे झोपले. कॉटखाली काहीतरी हललं." पहिल्या रांगेतल्या एका मुलाने शेजारच्याचा हात धरला. "कोण रे तिकडे?" तिने पान वर केलं आणि मुलांकडे वळवलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या एका मुलीने डोळे मोठे केले. मग सरळ दोन्ही हात जोडले.

"बाप्पा!"

"बाई, कॉटखाली बाप्पा हाय!"

मागून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "गणपती बाप्पाऽऽ!"

"मोरयाऽऽ!" सगळा वर्ग.

बहिणीने पान स्वतःकडे वळवून बघितलं. मग पुढचं बघितलं. मग त्याच्या पुढचं. तिने त्या क्षणी जे केलं त्यासाठी मी तिला मानतो. तिने पुस्तक मिटलं नाही. ती वाचत राहिली. तांदळाच्या पिंपात बाप्पा निघाला, मोरया झाला. स्कूटरच्या डिकीत बाप्पा निघाला तेव्हा एका मुलाने व्यवहारी सल्ला दिला, "बाई, त्याला मोदक द्या, म्हणजे तो घरी जाईल." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलं खूश. मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

शेवटचं पान मात्र फुकट गेलं. जे मांजर कधी भीतीदायक वाटलंच नाही, त्याला फक्त सेल हवे होते यात गंमत ती काय? मुलांनी चेटकिणीकडे बघितलं आणि एकीने विचारलं, "बाई, आता आरती करायची?"

मुलं गेल्यावर तिने सतरंज्या गुंडाळल्या. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बस तू." मग माझ्यासमोर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर येऊन बसली. फाइल मांडीवर.

"मी डोळे कोरे ठेवलेले, दादा."

"व्हय. मला वाटलं—" मी सुरुवात केली आणि थांबलो.

"काय वाटलं? बोल ना."

"कोरे डोळे पुढ्यात आले की हात जातो गो."

"मी काय तुझ्या कारखान्यातली मूर्ती सोडून गेल्ये? तुला म्हटलेलं, फक्त रंग भर."

"ऐकलेलं मी."

"मग?"

 तिने एक पान वर धरलं. "हे बघ. कॉटखाली मांजर हावरट हाय. पिंपात त्याला शिंक येत्येय. विहिरीत ते स्वतःच घाबरलंय. अख्खी गोष्ट डोळ्यांत हाय रे, दुसरं काय हाय या पुस्तकात? आणि तू सगळीकडे एकच डोळे काढलेस. आशीर्वाद देणारे. बाहुली पण गोल! जन्मभर कारखान्यात मांजरं पाळलीस, मांजराची बाहुली उभी असते हे तुला दिसलं नाय?"

नाही दिसलं. गोल बाहुली काढताना मला क्षणभरही शंका आली नव्हती.

"त्या बाईंचा फोन आलेला," ती म्हणाली. "काल. चित्रं तुमच्या भावाची, डोळे तर फार सुंदर, असं म्हणाल्या. मी म्हटलं, दादाशी बोलून सांगते. तू आल्यापासून मी वाट बघत्येय, तू काय सांगतोस म्हणून."

म्हणजे तिला आधीच माहीत होतं. मी दारात फाइल दिली तेव्हाही माहीत होतं. वर्गात पान वर करताना तिला पुढे काय येणार याची साधारण कल्पना होती आणि तरी तिने मला तोंड उघडायला तेवढा वेळ दिला होता. मी भिंतीला टेकून बसून राहिलो होतो.

मग मी सगळं सांगितलं. बायको काय म्हणाली, मी फोन का केला नाही, बाईंनी विचारल्यावर मी चहाचं कसं काढलं. तिने मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही. ते बरं केलं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाईंना तुझेच डोळे हवेत. तुझ्या डोळ्यांनी पुस्तक निघतंय. माझ्या डोळ्यांनी निघेलच असं नाय."

"तू म्हणशील तसं."

"मी म्हणते पूस."

"बाय, काढलेला डोळा पुसत नाय गो."

"गणपतीचा नाय पुसत. हे मांजर हाय."

मी म्हटलं, पानं नव्याने काढ, मी परत रंगवून देतो. ती म्हणाली, "परत सगळं काढायला मला सुट्टी कुठाय? आणि रात्र चांगली झाल्येय तुझी. ती राहू दे. डोळे पूस. तूच पूस."

शाळेच्या कपाटात पांढऱ्या रंगाची बाटली होती. मुलांच्या बुटक्या टेबलावर पानं मांडून मी बसलो. एवढ्या वर्षांत मी कितीतरी डोळे उघडले होते, मिटवला एकही नव्हता. पहिल्या पानावर ब्रश टेकवला.  उचलला, परत टेकवला. बहीण पलीकडे मुलांच्या खडूचे डबे लावत होती.  पहिली जोडी गेली, दुसरी गेली, मग सोपं झालं. तेही मला आवडलं नाही, इतकं सोपं होणं.

रंग सुकायला ठेवून मी त्या प्रकाशक बाईंना फोन लावला. बहिणीसमोर, स्पीकर चालू करून.

"मी पेणहून बोलतोय. म्हणजे आत्ता रोह्याहून. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी खरं सांगितलं नाही. चित्रं बहिणीची आहेत. मी रंग भरले, आणि डोळे तिने सांगितलेलं नसताना काढले. आता ते पुसलेत."

"पुसलेत?"

"हो."

"अहो, मी ते डोळे बघूनच हो म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"मग आता मला सगळं परत बघावं लागेल. हो म्हणेनच असं नाही."

बहीण फोनकडे वाकली. "बघा ना. नाही म्हणालात तरी चालेल. पण बघाल तेव्हा हेच पुस्तक बघा." तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेताना असतो तसा. मला तो आवाज नवीन नव्हता, पण तो माझ्या मदतीशिवाय एवढा ठाम उभा राहतो हे मी त्या दिवशी नीट ऐकलं.

मी त्या रात्री रोह्यालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी तिने डोळे काढले. माझा झिरो नंबरचा ब्रश मी तिच्यापुढे केला, तिने तो घेतला नाही. मुलांचा रंगकामाचा, केस पिंजारलेला ब्रश घेतला. तिची रेघ एका दमातली नाही. थांबते, अडखळते, परत पुढे जाते. कारखान्यात असती तर वडिलांनी नावं ठेवली असती. पण कॉटखालचं मांजर हावरट झालं. पिंपातल्या मांजराचा एक डोळा शिंकेने अर्धा मिटला. माठामागचं नुसतंच आगाऊ होतं. विहिरीच्या पानावर तिने दोन्ही बाहुल्या इतक्या बारीक आणि उभ्या काढल्या की मी पान जवळ घेतलं आणि पटकन मागे सरकलो. ती हसली. "बघ, भ्यायलास."

"नाय भ्यायलो."

"भ्यायलास रे."

भ्यालो होतो.

मुलं आली. तिने तोच आवाज लावला, तोच अंधार पाडला आणि पान वर केलं.  या वेळी पहिल्या रांगेतून एक किंकाळी उठली आणि तिच्या मागोमाग सगळ्यांच्या. पहिल्या दिवशी हात जोडणारी मुलगी सरपटत मागे आली आणि माझ्या पाठीआड बसून खांद्यावरून बघू लागली.

"काका, ते माझ्याकडे बघतंय."

"मग तू डोळे मीट."

"मिटले तर ते येईल ना!"

प्रत्येक पानाला ओरडायचं आणि ओरडून झालं की "पुढचं, पुढचं" म्हणायचं, असं चाललं. "मी कोणी नाही, मी नुसते डोळे" हे तिसऱ्या पानापासून मुलंच म्हणू लागली, घोगऱ्या आवाजात. शेवटी चेटकीण पाय आवळून दारात उभी राहिली, मांजराने सेल आणून दिले, बॅटरी लागली, आणि चेटकीण जी परसाकडे धावत सुटली, तेव्हा मुलं सतरंजीवर लोळली. माझ्या पाठीमागची मुलगी माझ्या कानात ओरडली, "तिला शू लागलेली!" तीच दोन मिनिटांपूर्वी डोळे मिटायलाही घाबरत होती. बहीण मला जे सांगत होती ते हे होतं. आधी खरं घाबरल्याशिवाय असं हसता येत नाही.

बाईंना नवे फोटो पाठवले. पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. त्या दिवसांत बहिणीने मला एकदाही फोन करून काळजी बोलून दाखवली नाही. मीच रोज फोन करायचो आणि ती म्हणायची, "नाय आला रे निरोप. तू आपले गणपती बघ." शेवटी बाईंचा फोन आला तो मला आला. माझा नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता म्हणून असेल. त्या म्हणाल्या, "खरं सांगते, मला तुमचे डोळे जास्त आवडले होते. पण पुस्तक हे आहे. बहिणीला सांगा, मी करते."

"तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं आणि तिचा नंबर दिला.

पुस्तक आता छपाईला गेलं आहे. गोष्ट आणि चित्रं, बहिणीचं नाव. आतल्या पानावर बारीक अक्षरात, रंग, आणि माझं. ते मला पुरतं. छपाईवरून मूळ पानं परत आली, ती घ्यायला मी मागच्या आठवड्यात रोह्याला गेलो होतो. बहीण आत चहा टाकत होती. मी फाइल उघडली आणि विहिरीचं पान काढून खिडकीपाशी उजेडासमोर धरलं. तिच्या उभ्या बाहुल्यांच्या मागे, पांढऱ्या रंगाच्या खाली, माझी पापणी अजून दिसते. एका दमातली. सुंदर आहे. मी ती थोडा जास्तच वेळ बघत राहिलो असणार, कारण आतून आवाज आला.

"दादा, ठेव ते खाली. चहा गार होतोय."